राजधानी रायगडाचे दर्शन आणि मार्गदर्शकाचे कार्य

दिवाळीनंतर पावसाळी ढग निवळले, की पाचाडच्या रस्त्यावर शैक्षणिक सहलींच्या एस. टी. बसगाड्यांची रांग लागते. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले घोषणा देत गड चढतात, दोन-तीन तासांत माथ्यावर फिरतात आणि सायंकाळच्या आत खाली उतरतात. परतीच्या वाटेवर "काय पाहिले?" असा प्रश्न केला, तर पुष्कळदा उत्तर येते : पायऱ्या, तळे, पुतळा आणि पडक्या भिंती. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते ऐकणाऱ्या शिक्षकास अस्वस्थ करणारे आहे. कारण ज्या भिंतींना ही मुले पडक्या भिंती म्हणतात, तेथे एके काळी एका स्वतंत्र राज्याचा दरबार भरत होता. चौथरे तेच, दगड तेच. पण त्यांना बोलके करणारा कोणी भेटला नाही, तर राजधानी पाहूनही ती पाहिल्यासारखी होत नाही.

दिल्ली, आग्रा, जयपूर यांसारख्या जुन्या राजधान्यांतील बहुतेक इमारती छपरांसह उभ्या आहेत. तेथे मार्गदर्शक नसला तरी डोळ्यांना काही तरी गवसते. रायगडाची गोष्ट निराळी आहे. येथील वाड्यांचे वरचे बांधकाम बहुतांशी लाकडाचे होते आणि ते जळून गेले आहे. उरले ते दगडी जोते. जोत्यावरून वाडा डोळ्यांपुढे उभा करावयाचा, तर माहितगार माणसाची सोबत लागते. म्हणूनच रायगडावर मार्गदर्शित सहलीला जे महत्त्व आहे, ते अन्य राजधान्यांहून अधिक आहे.

गिरिराजधानीची निवड

समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा हा डोंगर पूर्वी रायरी या नावाने ओळखला जाई. जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव केल्यावर १६५६ साली शिवाजी महाराजांनी तो हस्तगत केला. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी वेढलेला, सर्व बाजूंनी ताशीव कडे असलेला आणि माथ्यावर विस्तीर्ण सपाटी असलेला असा हा डोंगर आहे. मागे सह्याद्रीची मुख्य रांग, पुढे कोकणची बंदरे आणि समुद्र. राजगडावरून राजधानी येथे आणताना या सर्व गोष्टींचा विचार झाला असला पाहिजे. शत्रूस येथे पोहोचणे कठीण आणि राज्यास मात्र घाट व कोकण या दोहोंवर नजर ठेवणे सोपे, असे हे स्थान होते.

१६७० नंतरच्या काही वर्षांत येथे राजधानीची उभारणी झाली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली महाराजांना राज्याभिषेक झाला. राज्याभिषेक शक सुरू झाला, सोन्याचे होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी पाडण्यात आली, अष्टप्रधानांची व्यवस्था रूढ झाली आणि राज्यकारभारातील परकी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करण्यात आला. अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, गडाखाली पाचाड येथे जिजाबाईंचे देहावसान झाले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनीही याच गडावर देह ठेवला. आनंदाचा आणि दुःखाचा परमोच्च क्षण सहा वर्षांच्या आत ज्या स्थळाने पाहिला, त्या स्थळाची सहल ही केवळ हवापालटाची सहल होऊ शकत नाही.

सहलीचा आरंभ कोठून व्हावा?

महाडपासून गडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटरवर आहे. अनुभवी मार्गदर्शक सहलीचा आरंभ गडावर न करता पाचाड येथे करतो. तेथे जिजाबाईंची समाधी आहे आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या वाड्याचा परकोट, विहिरी व जोती आहेत. गडावरची थंड हवा मातु:श्रींना मानवत नसे, म्हणून पायथ्याशी हा वाडा बांधला असे सांगितले जाते. राजधानी म्हणजे केवळ डोंगरमाथा नव्हे, तर माथा आणि पायथा मिळून झालेली एक वस्ती होती, ही गोष्ट पाचाडला थांबल्याने सहज ध्यानात येते.

पायथ्यापासून वर जाण्याचे आज दोन मार्ग आहेत. एक पायऱ्यांचा आणि दुसरा १९९६ साली सुरू झालेल्या रज्जुमार्गाचा. रज्जुमार्गामुळे वृद्ध, आजारी आणि अपंग व्यक्तींना गडदर्शन शक्य झाले, ही त्याची मोठी सेवा होय. मात्र त्यातून सहलीच्या दृष्टीने एक अडचणही उद्भवते. रज्जुमार्गाने येणारा प्रवासी मेणा दरवाजाच्या बाजूने थेट राजवाड्याच्या अंतर्भागात प्रवेश करतो. जुन्या काळी परक्या माणसास ज्या भागात पाऊल ठेवणे सर्वांत दुर्घट होते, तेथूनच त्याची सहल सुरू होते! महादरवाजा, त्यापूर्वीची वळणे, बुरूज, चौक्या हे सारे त्याच्या दृष्टीआड राहते. ज्यांना शक्य आहे अशा विद्यार्थ्यांनी निदान एक वेळ, चढताना अथवा उतरताना, पायऱ्यांची वाट धरावी हे उत्तम.

दुर्गरचनेचा पाठ

पायऱ्यांची संख्या दीड हजाराच्या आसपास भरते. सावकाश चढणाऱ्यास दीड ते दोन तास लागतात. चित दरवाजाची जागा, त्यावरील खुबलढा बुरूज, मग मदारमोर्चा असे टप्पे घेत वाट वर जाते. वाट सरळ माथ्याकडे जात नाही. ती सतत वरच्या तटाच्या माऱ्याखाली राहते. ही गोष्ट नकाशावर समजत नाही, ती धापा टाकीत चढतानाच समजते. चांगला मार्गदर्शक येथे मुलांना एका वळणावर थांबवितो आणि प्रश्न विचारतो : "समजा, तुम्ही शत्रूचे सैनिक आहात. येथून वरचा दरवाजा दिसतो का?" मुले शोधू लागतात. दरवाजा दिसत नाही. शंभर पावलांवर येईपर्यंतही तो दिसत नाही.

महादरवाजाची रचना हीच आहे. सुमारे ७५ व ६५ फूट उंचीच्या दोन प्रचंड बुरुजांच्या कवेत हा दरवाजा दडविलेला आहे. वाट ऐन वेळी वळते, त्यामुळे हत्ती वा ओंडके यांच्या धडकेने दरवाजा फोडण्यास लागणारी सरळ धाव मिळत नाही. बुरुजांवर खालच्या दिशेने मारा करण्यासाठी जंग्या ठेवल्या आहेत. आत शिरल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दरवाजावरील कमळाची शिल्पे पाहून झाल्यावर हे सर्व दाखविले, म्हणजे विद्यार्थ्यास दुर्गशास्त्राचा पहिला पाठ मिळतो. तो क्रमिक पुस्तकातील कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक काळ स्मरणात राहतो.

दरवाजातून वर आल्यावर हत्ती तलाव आणि पुढे गंगासागर लागतो. गडमाथ्याचा विस्तार पूर्व-पश्चिम सुमारे दीड मैल आणि दक्षिणोत्तर सुमारे एक मैल आहे. या वस्तीला बारमाही पाणी कसे पुरविले जाई, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. माथ्यावर नदी नाही. पावसाचे पाणी अडवून, खडकात खोदलेल्या तळ्यांत व टाक्यांत ते साठवून वर्षाची बेगमी केली जाई. बांधकामासाठी दगड काढावा आणि त्याच खाणीचे तळे व्हावे, अशी दुहेरी योजना गडांवर सर्रास आढळते. गळतीमुळे अनेक वर्षे कोरडा पडणारा हत्ती तलाव दुरुस्तीनंतर २०२० च्या पावसाळ्यात पुन्हा भरला, तेव्हा या योजनेचे प्रात्यक्षिकच सर्वांना पाहावयास मिळाले. राजवाड्याच्या अंतर्भागात दगडी शौचकूप आणि सांडपाण्याचे मार्ग आहेत. पुष्कळ सहली त्यावरून न पाहता पुढे जातात. वास्तविक साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही स्वच्छतेची दृष्टी मुलांना आवर्जून दाखविण्याजोगी आहे.

राजसभेत उभे राहताना

गंगासागराच्या काठी बारा कोनांचे दोन मनोरे आहेत. त्यांच्याजवळून पालखी दरवाजाच्या पायऱ्या चढून बालेकिल्ल्यात जाता येते. राण्यांचे महाल, राजभवन, रत्नशाळा यांची जोती ओलांडून प्रवासी राजसभेत येतो. सुमारे २२० फूट लांब व १२४ फूट रुंद असे हे सभास्थान आहे. सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख असून समोर नगारखान्याचा भव्य दरवाजा आहे. नगारखान्यापाशी हलक्या आवाजात बोललेले शब्द सिंहासनाच्या जागी ऐकू येतात, हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक करून दाखवितो. मुलांना तो फार आवडतो. परंतु राजसभेची महती तेवढ्यावर संपू नये.

येथे हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाची हकीकत सांगणे उपयुक्त ठरते. मुंबईच्या इंग्रजांच्या वतीने तहाची बोलणी करण्यासाठी तो १६७४ च्या मे महिन्यात गडावर आला आणि राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात हजर राहिला. सिंहासनाच्या दोहो बाजूंस भाल्यांच्या टोकांवर टांगलेली राजचिन्हे त्याने पाहिली. त्यांत माशाचे मस्तक होते, घोड्याच्या शेपट्या होत्या आणि न्यायाची निदर्शक अशी सोन्याची तराजूही होती. दरवाजाशी उभे असलेले दोन लहान हत्ती पाहून तो चकित झाला. एवढ्या बिकट वाटेने हे प्राणी वर आणले तरी कसे, हे त्याला उमगेना. परक्या माणसाने प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवलेली ही नोंद आहे. ती राजसभेत उभे राहून ऐकताना रिकाम्या चौथऱ्यावर माणसे दिसू लागतात. सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते, असे सभासदाच्या बखरीत म्हटले आहे. बखर काय म्हणते आणि प्रत्यक्षदर्शी काय म्हणतो, या दोहोंतील फरकही येथेच मुलांना समजावून देता येतो.

आख्यायिका आणि इतिहास

मार्गदर्शित सहलीची खरी कसोटी येथून पुढे लागते. होळीच्या माळावर शिर्काईचे स्थान पाहून पुढे गेले, की समोरासमोर दोन रांगांत बांधलेल्या, चाळिसाहून अधिक गाळ्यांची दगडी जोती दिसतात. मधला रस्ता सुमारे चाळीस फूट रुंद आहे. ही बाजारपेठ होती आणि जोती उंच ठेवली ती घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कल्पना मोठी मनोरम आहे. परंतु सर्व अभ्यासकांना ती मान्य नाही. कडेकोट राजधानीत बालेकिल्ल्यानजीक खुला बाजार कसा असेल, अशी शंका काहींनी घेतली असून ही कचेऱ्यांची अथवा अधिकाऱ्यांच्या निवासाची जागा असावी, असे मत मांडले आहे.

हिरकणीची कथाही अशीच. दूध विकावयास आलेली एक माता गडाचे दरवाजे बंद झाल्यामुळे वर अडकते, घरी तान्हे मूल असल्याने व्याकूळ होते आणि जिवावर उदार होऊन रात्री कडा उतरून जाते. महाराज तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधतात. या कथेला समकालीन कागदपत्रांत आधार सापडत नाही. मग ती सांगू नये काय? अवश्य सांगावी. मातेच्या वात्सल्याची ही लोककथा महाराष्ट्राने हृदयाशी धरली आहे, आणि लोकांनी आपल्या राजाविषयी कोणत्या गोष्टी जपल्या हेही इतिहासाचेच एक अंग आहे. फक्त सांगताना "अशी कथा सांगतात" हे तीन शब्द अगोदर जोडावेत. तीन शब्दांनी कथेची गोडी कमी होत नाही आणि ऐकणाऱ्याची फसवणूकही होत नाही.

या विवेकाचा सर्वांत सुंदर नमुना जगदीश्वराच्या मंदिरात आहे. मंदिराच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. राज्याभिषेकाच्या तिथीचा त्यात उल्लेख असून वापी, कूप, तडाग, उद्याने, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजगृहे हिरोजीने निर्माण केली व ती चंद्रसूर्य असेतोवर नांदोत, अशा आशयाचा मजकूर कोरलेला आहे. बाहेरच्या एका पायरीवर सेवेस तत्पर असलेल्या या हिरोजीचे नाव मराठीत कोरले आहे. लोक त्याला इंदुलकर म्हणतात. शिलालेखातील आडनावाचे वाचन मात्र इटळकर असेही केले जाते. महाराजांची पायधूळ आपल्या नावावर पडावी म्हणून त्याने पायरीची जागा मागून घेतली, ही आख्यायिका आहे. दगडावर नाव आहे, ही वस्तुस्थिती आहे. आख्यायिका आणि शिलालेख एकाच पायरीवर असे शेजारी नांदतात, आणि दोहोंमधील सीमारेषा दाखवून देणे हेच मार्गदर्शकाचे काम आहे. गड उभारणारा स्थापती आपली नाममुद्रा पायरीवर ठेवतो, यातील नम्रता समजण्यास आख्यायिकेची आवश्यकता भासत नाही.

मंदिराच्या पूर्वेस महाराजांची अष्टकोनी समाधी आहे. येथे बहुतेक सहली आपोआप शांत होतात. या ठिकाणी मार्गदर्शकाने फार बोलू नये, हेच बरे.

पडझडीचा इतिहासही सांगावा

विजयाच्या कथा सांगून सहल संपविण्याचा मोह सर्वांना होतो. परंतु आज दिसणारे अवशेष अवशेष का आहेत, या मुलांच्या सरळ प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून सहल पूर्ण होत नाही. १६८१ च्या जानेवारीत याच गडावर संभाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्यांच्या वधानंतर मोगल फौजेने गडाला वेढा घातला. राजाराम महाराज गडाबाहेर पडून पुढे जिंजीस पोहोचले, आणि १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये राजधानी पडली. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. १७३३ साली गड पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील इंग्रज फौजेने तोफांचा मारा केला. वाड्यांना आगी लागल्या आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. लाकडी मजले गेले आणि जोती राहिली, ती अशी.

त्यानंतर अनेक दशके गडावर रान माजले. समाधीची दुरवस्था झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधले गेले, जीर्णोद्धारासाठी निधी जमू लागला आणि १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव साजरा झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. २०१७ साली राज्य शासनाने रायगड विकास प्राधिकरण स्थापन केले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत रायगड आहे. विस्मृतीतून स्मृतीकडे झालेला हा प्रवास लोकांनी घडविला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना कळली पाहिजे. त्यातूनच आपलेही काही कर्तव्य आहे, ही जाणीव निर्माण होते.

मार्गदर्शक : गावातील माणूस

रायगडाचे मार्गदर्शक बहुधा पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी अशा पायथ्याच्या गावांतील व वाड्यांतील असतात. लहानपणापासून गडावर ये-जा केलेली ही मंडळी. कोणत्या कड्यावर वारा कधी सुटतो, कोणत्या टाक्याचे पाणी केव्हा आटते, धुके दाटल्यावर टकमक टोकाकडे का जाऊ नये, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. हे ज्ञान पुस्तकांत नाही. याउलट तहाच्या तारखा, शिलालेखाचा अर्थ, अभ्यासकांतील मतभेद हे पुस्तकांत आहे आणि ते त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. या दोन ज्ञानांची सांगड घालणे हा प्रशिक्षणाचा खरा हेतू होय.

व्यवसायाच्या अडचणीही ध्यानात घेतल्या पाहिजेत. काम हंगामी असते. मोबदला दर फेरीमागे मिळत असेल, तर दिवसात अधिक फेऱ्या करण्याकडे कल होतो आणि चार तासांची सहल दीड तासावर येते. ऐकणारे टाळ्या देतात त्या कथा वाढतात आणि शांतपणे समजून घ्यावयाच्या गोष्टी गळून जातात. हा दोष एकट्या मार्गदर्शकाचा नव्हे. "लवकर आटपा, अजून दोन ठिकाणे करावयाची आहेत", असे सांगणारी सहलही त्यास तेवढीच जबाबदार आहे. दर फेरीऐवजी वेळेवर मोबदला ठरला, दरपत्रक पायथ्याशी ठळक लावले गेले आणि मार्गदर्शकांची नोंद होऊन त्यांना ओळखपत्रे मिळाली, तर प्रवासी व मार्गदर्शक दोघांचीही सोय होते. गावातील तरुणास गावातच सन्मानाचे काम मिळाले, तर मुंबईची वाट धरण्याची त्याची निकड तेवढी कमी होते. मुलींनीही या कामात यावे. जिजाऊंच्या पाचाडात ती गोष्ट शोभेल.

रक्षण आणि सुरक्षितता

रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमान्वये स्मारकाची नासधूस करणे, त्यावर नावे कोरणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामास प्रतिषिद्ध आणि त्यापलीकडील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र विनियमित आहे. पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी ही तरतूद ध्यानी ठेवून परवानग्यांचा विचार केला पाहिजे. परंतु कायद्याचा पहारा प्रत्येक दगडापाशी उभा राहू शकत नाही. मार्गदर्शक मात्र प्रत्येक गटाबरोबर असतो. जोत्यावर चढणाऱ्या मुलास तो प्रेमाने खाली उतरवितो, तेव्हा तो कायद्याचेच काम करीत असतो.

पावसाळ्यात विशेष काळजी आवश्यक आहे. महाड परिसरात पाऊस अतिशय जोराचा पडतो. जुलै २०२४ मध्ये पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले व अनेक प्रवासी अडकून पडले, त्यानंतर गडावर जाण्यास काही काळ मनाई करावी लागली. शाळांनी सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काढावी हे श्रेयस्कर. ६ जूनला आणि तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस राज्याभिषेक सोहळ्यासाठी प्रचंड गर्दी होते. ते दिवस उत्सवाचे आहेत, अभ्यासाचे नव्हेत.

शाळा व ग्रामपंचायती काय करू शकतील?

शिक्षकांनी सहलीपूर्वी एक तास वर्गात द्यावा. गडाचा नकाशा फळ्यावर काढावा आणि प्रत्येक चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटास एक प्रश्न वाटून द्यावा. पाणी कोठून येत होते? दरवाजा का लपविला? राजसभा कोणत्या दिशेस तोंड करून आहे व का? दगडावर काय लिहिले आहे? प्रश्न घेऊन गड चढणारा विद्यार्थी मार्गदर्शकाचे ऐकतो, इतकेच नव्हे तर त्यास बोलतेही करतो. एका मार्गदर्शकामागे पंचवीस-तीसपेक्षा अधिक मुले नसावीत. शंभर मुलांच्या मागे एक मार्गदर्शक दिला, तर मागच्या मुलांच्या पदरी फक्त पायऱ्या येतात. परत आल्यावर "पाहिलेली गोष्ट" आणि "ऐकलेली कथा" अशा दोन रकान्यांत टिपण लिहून घ्यावे. इतिहासाकडे पाहण्याची शिस्त या साध्या तक्त्यातून लागते.

पायथ्याच्या ग्रामपंचायतींना पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार पेटी आणि कचरा खाली आणण्याची व्यवस्था या चार गोष्टींकडे प्रथम लक्ष देता येईल. महिला बचत गटांनी घरगुती भोजनाची सोय केली, तर पिठले-भाकरी आणि ताक यांची चव शहरी प्रवाशास नवलाची वाटते आणि पैसा गावात राहतो. अन्य जिल्ह्यांतील पंचायत सदस्यांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. रायगडाएवढी कीर्ती प्रत्येक स्थळास नसते. परंतु एखादी गढी, बारव, लेणे वा वीरगळ नाही असे गाव महाराष्ट्रात विरळाच. त्याविषयी नीट सांगू शकणारी दोन माणसे गावात तयार झाली, तरी ते स्थळ वाचण्याची आशा निर्माण होते. ज्याची कथा कोणास ठाऊक नसते, त्याचा दगड लवकर नाहीसा होतो.

समारोप

हिरोजीने शिलालेखात आपल्या बांधकामांसाठी चंद्रसूर्याइतके आयुष्य मागितले. लाकूड तेवढे टिकले नाही. तळी, जोती आणि दरवाजे टिकले. पुढच्या पिढ्यांसाठी ते टिकवावयाचे, तर प्राधिकरण, पुरातत्त्व खाते, ग्रामपंचायत आणि शाळा या सर्वांचे हात लागणार आहेत. त्या सर्वांच्या कामाचे फळ प्रवाशाच्या पदरात घालणारा माणूस मात्र मार्गदर्शकच होय. त्याने नीट सांगितले आणि मुलांनी नीट ऐकले, तर परतीच्या वाटेवरील त्या प्रश्नाचे उत्तर बदलेल. "पडक्या भिंती पाहिल्या" असे न म्हणता "राजधानी पाहिली" असे एखादे मूल म्हणेल, तेव्हा ती सहल सफल झाली असे समजावे.